हरेशचा उजवा खांदा

हरेश उजव्या हाताने कधी कुणाशी हात मिळवायचा नाही. समोरच्याने हात पुढे केला की हा डावा पुढे करणार. लोकांना तो माजोरडा वाटे. कारण एवढंच होतं, की त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे आणि कुणी जोरात हलवला तर कळ थेट मानेत जाई. पण हे सांगणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

थळच्या कोळीवाड्यातला हरेश माझ्याच शाळेत बेसबॉल शिकला. तो चेंडू फेकणारा पिचर, मी फलंदाजामागे बसून झेलणारा कॅचर. त्याचे चेंडू झेलून माझा तळहात सुजायचा. "दर्यात जाली वढून घडलाय हा हात," तो म्हणायचा, "क्लासला न्हाय गेलो."

पुढे परदेशातल्या एका व्यावसायिक क्लबने त्याला करारावर घेतलं. खेळण्याचा पगार मिळतो, यावर त्याच्या आईचा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. तीन हंगाम तो गाजला. चौथ्याच्या तोंडावर खांदा दुखावला, तेव्हा क्लबच्या डॉक्टरांनी दोन महिने चेंडूला हात लावायचा नाही असं बजावून त्याला घरी पाठवलं.

नेमकी तेव्हाच राष्ट्रीय स्पर्धा होती. आमच्या राज्य बेसबॉल संघटनेचे सचिव गाडी घेऊन थळला आले. "राज्याने तुला घडवलं, आणि गरज पडली तर दुखणं काढतोस?" राज्याने त्याला साधे बूटही दिले नव्हते! तरी तो आला. अंतिम सामन्यात इंजेक्शन घेऊन फेकत राहिला. शेवटी शेवटी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला ते सगळ्यांत जवळून दिसत होतं, आणि मी ग्लोव्ह पुढे धरून आणखी मागत होतो.

आम्ही जिंकलो. त्याच्या खांद्याचा स्नायू फाटला, क्लबने करार संपवला. ऑपरेशनच्या वेळी संघटनेचं एक कुत्रंही फिरकलं नाही. सचिवांच्या केबिनमध्ये मात्र त्याचा फोटो लागला.

नंतर तो संघटनेच्याच मुलींच्या संघाला शिकवू लागला. नियम एकच: सत्तर चेंडू झाले की पिचर बाहेर. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात सतरा वर्षांच्या तन्वीचे सत्तर झाले तेव्हा संघ एका धावेने पुढे होता. हरेशने मैदानात जाऊन तिच्या हातातला चेंडू घेतला. तेच सचिव मंडपातून धावत आले.

"तिलाच फेकू दे! ती स्वतः म्हणतेय, ठीक आहे!"

"मी पन म्हनलो होतो, ठीक हाय!" हरेश ओरडला. "तिचा खांदा हाय तो, तुमच्या हापिसातली खुर्ची न्हाय!"

सगळं मैदान ऐकत होतं. दुसरी मुलगी आली आणि सामना गेला. तन्वी ढसाढसा रडली. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आठवड्याभरात संघटनेने गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं.

मी माफीपत्राचा मसुदा लिहून थळला गेलो. हरेश अंगणात जाळं विणत बसला होता.

"सही कर. विषय मिटेल."

त्याने कागद पूर्ण वाचला. "मी फेकत होतो तवा तुझ्या तोंडातून शब्द न्हाय निघाला. आनि आता माझ्या तोंडात घालतोस?"

मी कागद परत घेतला आणि त्याच्यासमोरच टराटरा फाडला. तो हसला नाही.

"हे तवा करायचं होतंस," म्हणाला.

खरं होतं ते.