जावयाची घडी

लग्नात सासऱ्यांनी दिलेली घडी महिना भरायच्या आत बंद पडली, तेव्हा आम्ही नवराबायकोनं पहिलं काम केलं ते खोलीचं दार लावून घेण्याचं. आमच्याकडं मनगटावरच्या घड्याळाला घडीच म्हणतात आणि जावयाला ती द्यावीच लागते. आम्ही हुंडा घेतला नाही, असं आमचे बाबा चारचौघांत छाती काढून सांगतात आणि ते खरंही आहे. घडी, अंगठी आणि सूट हुंड्यात धरत नाहीत.

"मामाजीले सांगू नका," बायको म्हणाली. मामाजी म्हणजे माझे वडील, तिचे सासरे. "आन माह्या बाबाले तर बिलकुलच नाही."

तिची भीती उगीच नव्हती. आम्ही सगळे भाऊच, बहीण नाही. त्यामुळं बाबा जन्मभर प्रत्येक लग्नात वरबाप म्हणूनच मिरवले. माझ्या लग्नात ते दोनदा रुसले. एकदा मांडवात कूलर आमच्या बाजूला नव्हता म्हणून, आणि एकदा तो आमच्या बाजूला लावल्यावर अंगावर पाणी उडालं म्हणून. घडी बंद पडल्याचं त्यांना कळलं असतं तर त्यांनी उभ्याउभ्या सासऱ्यांना फोन लावला असता, आणि त्या फोनची भरपाई माझ्या बायकोनं पुढची कैक वर्षं या घरात पोळ्या लाटता लाटता केली असती. तिकडं सासऱ्यांच्या घशाखाली घास उतरला नसता तो वेगळाच. तेव्हा घडी गुपचूप दुरुस्त करायची, असं आमचं ठरलं.

डब्यावर कंपनीचा नंबर होता. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई हिंदीत सांगायची आणि मग बासरी वाजायची. बरीच बासरी ऐकल्यावर एक माणूस भेटला. तो म्हणाला, तक्रार वर कळवतो. मी उंद्रीला कृषी केंद्रात बसतो. बियाणं उगवलं नाही म्हणून कोणी आलं की 'कंपनीले कळवतो' हे वाक्य मी स्वतःच म्हणत असतो, त्यामुळं त्याचा अर्थ मला चांगला माहीत होता. मी फोन ठेवला आणि मोटारसायकल काढली.

घडी संग्रामपूरच्या दुकानातली. सासऱ्यांचं गाव तिथून जवळ. सासरवाडीच्या तालुक्यात जावई एकटा दिसला की लोक आधी राम राम करतात आणि लगेच पोरीची तब्येत विचारतात, म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. दुकानदार गल्ल्यावर बसून मोबाइल पाहत होता. त्यानं घडी कानाशी हलवली आणि म्हणाला, "चालते ना."

"हलवली का चालते. ठेवली का बंद पडते."

"मंग हातात घालून ठेवा. हात तर हलतेच का नाही माणसाचा?"

मग म्हणाला, पाणी गेलं असेल. मग म्हणाला, सेल गेला असेल आणि सेल वॉरंटीत येत नाही. नवा सेल टाकला. घडी त्याच्या काउंटरवर झकास चालली आणि मी शेगावला पोचेपर्यंत पुन्हा झोपली. मी तिथूनच गाडी फिरवली.

दुसऱ्यांदा मला पाहून त्याला नवल वाटलं नाही, म्हणजे परत येणारा मी पहिला नसणार. त्यानं बिल मागितलं. ते डब्यातच होतं, किंमत पेनानं गिचमिड खोडलेलं.

"बिल तर तुमच्या नावानं नाही."

"सासऱ्याच्या नावानं हाय. घडी माही हाय."

"तुम्ही घालता हो, पण घेतली त्याइनं. ज्यानं घेतली त्याचीच तक्रार चालते. त्याइले घेऊन या."

आता ज्या माणसापासून ही गोष्ट लपवायची, त्यालाच घेऊन या म्हणे! माझं डोकं असं सटकलं की शेजारच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक ऐकायला बाहेर आलं. लाज वाटते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तापू नका, पाणी प्या." पाणी मात्र दिलं नाही.

शेवटी बाबांना कळलंच. जेवताना त्यांचं लक्ष माझ्या मोकळ्या मनगटाकडं गेलं.

"घडी कुठी हाय बे?"

खोटं बोलायला मला जरा वेळ लागला आणि तेवढ्यात ते समजले. "बंद पडली? एका महिन्यात? कायची घडी घेतली मनाव इवायानं! लाव त्याले फोन." इवाई म्हणजे व्याही, माझे सासरे. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता तो थांबला.

मी म्हणालो, "बाबा, इवायाचा काय दोष? दुकानदार बदमाश हाय. मले हाकलून देलं त्यानं. म्हणे ज्यानं घेतली त्याले आण. तुम्हीच चला मुलीचे बाप म्हणून. तुमच्यासमोर त्याची काय टाप हाय?"

हे शेवटचं वाक्य मी जाणूनबुजून घातलं होतं. कोणाशी भांडायला मिळतंय म्हटलं की बाबांचे गुडघे दुखत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी गाडीपाशी उभे होते.

दुकानात ते शिरले ते काउंटरवर थाप मारूनच. "ओ शेठ! ही घडी म्या घेतली तुह्या दुकानातून, जवायासाठी. बंद पडली. आता काय करतं ते बोल!"

दुकानदारानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "तुम्ही नाही घेतली. तुम्ही पोराचे बाप आहा."

"कायवरून?"

"पोरीचा बाप दुकानात असा नाही शिरत." मग त्यानं वर पाहिलं. "त्या माणसाची मले याद हाय. चपला बाहेर काढून आला. म्या म्हणलं घालून या, तर नाही म्हणे. बसा म्हणलं, बसला नाही. सारी दुपार उभा. एकएक घडी कानाले लावून पाहे. शेवटी ही निवडली आन हात जोडून मले म्हणे, शेठ, घडी बंद पडली तर घडीचं काही नाही, पण माह्या पोरीले ऐकून घ्या लागते. तिचे सासरे लय तापट हायेत. चांगली हाय ना? म्या म्हणलं, बिनधास्त न्या."

हे सगळं त्यानं आपली याददाश्त किती पक्की आहे ते दाखवायला सांगितलं. तोंडावर दुसरं काही नव्हतं. सांगून झाल्यावर म्हणाला, "तर त्याइलेच घेऊन या. मंग पाहू."

मी बाह्या सरसावल्या होत्या. काउंटर ओलांडायचं की कडेनं जायचं एवढंच ठरायचं होतं. बाबांनी माझा दंड धरला.

"शेठ," ते म्हणाले, आणि इतक्या हळू म्हणाले की दुकानदाराला मोबाइल खाली ठेवावा लागला. "आम्ही येऊन गेलो हे त्याइले सांगू नका."

"म्या कायले सांगू?"

"अशीच दुसरी हाय का? हुबेहूब?"

"बाबा!" मी ओरडलोच. "याच्याच दुकानातून? आन तीच घडी?"

"तीच पाह्यजे. दुसरी घातली तर इवायाच्या ध्यानात येते."

दुकानदार त्या दिवशी पहिल्यांदा जागचा उठला. तशीच घडी काढली, फडक्यानं पुसली, डब्यात घातली आणि विचारलं, "बिल कोणाच्या नावानं करू?" मी म्हणालो, "ज्याले पुन्हा याले जमंल त्याच्या." त्याला हसू आलं नाही, मलाही नाही.

परतीच्या वाटेवर बाबा शेगावला कचोरी नको म्हणाले, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

संध्याकाळी ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तुह्या बापाले फोन लाव." तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरून तिच्या माहेरी बाबांनी आपणहून कधी फोन केलेला नव्हता. लावून दिला. बाबा फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात आणि तरीही ओरडून बोलतात.

"इवाई! घडी लय झकास चालून राह्यली बरं का!"

 सासऱ्यांनी पलीकडून विचारलं, "इवाई, काही चुकलं का आमचं?"

"नाही हो! घडी चांगली हाय, तेच सांगाले फोन केला."

"जे असन ते मोकळं सांगा. मी उद्या येतोच."

"या ना! जेवालेच या!" बाबा खूश झाले. फोन ठेवून म्हणाले, "पाह्य, येतो म्हणे."

"मामाजी," बायको म्हणाली, "ते जेवाले नाही येऊन राह्यले."

"मंग कायले?"

ती उठली. आत जाऊन उद्यासाठी डाळ निवडायला बसली.

सकाळच्या पहिल्या बसनं सासरे आले. सोबत त्यांचे मोठे भाऊ आणि गावातले एक जाणते. तिघंही इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मुलाकडून बोलावणं आलं की आमच्याकडं मुलीचा बाप एकटा जात नाही, बोलणी करायला माणसं घेऊन जातो. दिवाणाच्या काठावर ते ओळीनं टेकले. चहा आला तो तसाच निवत राहिला. मोठे भाऊ घसा खाकरून म्हणाले, "मागं झालं गेलं ते आज बोलून मोकळं होऊ."

"अहो, काहीच नाही झालं!" बाबांनी माझा हात धरून वर केला. "ही पाहा, चालून राह्यली ना!"

सासऱ्यांनी घडी पाहिली. मग त्यांनी विचारलं, "मंग कायची कमी पडली?"

बाबांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. आजवर कधी ताटातलं मीठ स्वतः न घेतलेल्या माणसानं त्या दिवशी वाढायला हातात भांडं घेतलं. एक पोळी वाढली, आग्रह करून दुसरी वाढली, तुपाची धार सोडली. ते जितके वाढत गेले तितका समोरच्या तिघांचा हात आखडत गेला. शेवटी तर भाऊ नुसतेच ताटाकडं पाहत बसले.

पाणी घ्यायचं निमित्त करून सासरे स्वयंपाकघरात गेले. मी दाराशीच होतो.

"पोरी, खरं सांग. काय झालं?"

"काही नाही बाबा. खरंच काही नाही झालं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नव्हता, हे मला आणि तिलाही कळलं. मला तेव्हा कोणाचा तरी फार राग आला, पण धरायला समोर कोणी नव्हतं.

आम्ही बापलेक त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बस येईपर्यंत तिघंही आमच्या तोंडाकडं पाहत उभे होते, आता तरी खरी गोष्ट निघेल म्हणून. बाबा पिकाचं बोलले, पावसाचं बोलले, रस्त्याचं बोलले. सासरे प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होते आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. बस आली. खिडकीपाशी बसल्यावरही त्यांनी बाबांवरची नजर काढली नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी तिथूनच हात जोडले.

बस दिसेनाशी झाली तसे बाबा माझ्याकडं वळले.

"काऊन बे," त्यांनी विचारलं, "एवढा भेते का तो मले?"

"हाव," मी म्हणालो.