पहिली सर्व्हिस

वारज्याच्या एका मानसिक पुनर्वसन केंद्रात मी पाच वर्षं जाते आहे. मला स्किझोफ्रेनिया आहे. सव्विसाव्या वर्षी, कोथरूडच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवत असताना, फळ्यावरचं उदाहरण अर्धं सोडून मी वर्गाबाहेर पडले आणि परत आत गेलेच नाही. आता एकोणचाळिसावं चालू आहे. गोळ्या नियमित आहेत, आवाज बहुतेक दिवस गप्प असतात. आठवड्यातून तीन दिवस आई मला बसने केंद्रात घेऊन जाते. मी एकटी जाऊ शकते, पण तिला एकटीला घरी करमत नाही असं आईचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात थ्रोबॉल सुरू झाला. शनिवार पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाई शिकवायला यायला लागल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बॉल दोन्ही हातांनी झेलायचा आणि तीन सेकंदांत एका हाताने नेटपलीकडे टाकायचा. बाकी जगाचं काय चाललंय ते नंतर बघू."

आम्हाला तीन सेकंद फार कमी पडायचे. गोळ्यांनी हात जड होतात, बोटं थरथरतात. बॉल आलाय हे कळेपर्यंत तो छातीवर आपटून खाली पडलेला असायचा. मला मात्र हळूहळू जमायला लागलं. सर्व्हिस तर चांगलीच जमली. एका शनिवारी बाई म्हणाल्या, "गेमची पहिली सर्व्हिस आजपासून तुझी." त्याआधी कित्येक वर्षं खास माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती, केसपेपर.

मग गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती आली. अमरावतीची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. आजार तोच. घरच्यांनी तिला इथल्या मावशीकडे आणून सोडलं होतं. कॉलेजात खेळलेली होती. पहिल्याच दिवशी तिने ओळीने आठ बॉल झेलले. नववा सुटला तेव्हा हसत मला म्हणाली, "काऊन जी ताई, एवढा जोरात?" सगळे हसले. कडेच्या बाकावर बसलेल्या आईने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आईने कधी टाळ्या वाजवल्या होत्या का, ते मी बराच वेळ आठवत राहिले.

खेळ संपला की ती जाऊन आईला खेटून बसायची. तिसऱ्या आठवड्यात आईने डब्यात दोन थालीपिठं जास्त भरली.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"अगं, तिची मावशी सकाळीच कामावर जाते. पोर उपाशी येते."

बसमध्येही तिचंच कौतुक. "बोलते किती छान, नाही?"

"मी बोलत नाही?"

"बोलतेस की," आई म्हणाली. "विचारलं तर."

पुढच्या महिन्यात बाईंनी पहिली सर्व्हिस आळीपाळीने द्यायचं ठरवलं. एकदा ती, एकदा मी. तेव्हापासून मी तिच्या चुका मोजायला लागले. तिच्या हातून बॉल सुटला की माझा दिवस बरा जायचा. आवाजांनी मला हे काही शिकवलं नव्हतं. हे सगळं माझं मीच करत होते.

एका बुधवारी ती नेटच्या पलीकडे होती. बॉल माझ्या हातात आला आणि मी पाहिलं, ती मान वळवून माझ्या आईकडे बघून हसत होती. आईही हसत होती. मी अंगातला सगळा जोर लावून बॉल तिच्या तोंडावर मारला.

ती खाली बसली. ओठ फुटला होता. सगळ्यांच्या आधी आई धावली आणि पदराने तिचं रक्त पुसायला लागली. "माझंच चुकलं," ती फुटलेल्या ओठाने म्हणत होती, "माझं लक्ष नव्हतं." मी नेटच्या अलीकडे उभी होते. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

नंतरचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. सांगायचीही भीती वाटत होती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर लोक तिला दुष्ट म्हणाले असते. मी केलं म्हणजे आजार बळावला, गोळी वाढवा. तरी शेवटी मी बाईंना गाठलं.

"बॉल मी मुद्दाम मारला," मी म्हणाले.

बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. "आवाज आले होते?"

"नाही. मला तिचा राग येतो. आई तिचे लाड करते."

बाई म्हणाल्या, "मग महिनाभर सर्व्हिस बंद. नेट बांधायचं, सोडायचं, बॉल गोळा करायचे. आणि तिला स्वतः जाऊन सांगायचं."

"डॉक्टरांना सांगणार का?"

"यात डॉक्टरांचं काय काम? झोप उडाली, आवाज आले तर तू स्वतः सांग. शाळेत माझ्या मुलींनी यापेक्षा वाईट प्रकार केलेत. त्यांनाही मी नेटच बांधायला लावायचे."

शिक्षा झाल्याचं मला इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

तिला सांगायला मात्र तीन आठवडे लागले. मी नेटची गाठ सोडत होते आणि ती दुसरं टोक धरून उभी होती. मी खाली बघूनच सांगून टाकलं.

"माहीत आहे जी," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी पण तुमच्या आईपाशी मुद्दामच बसायची ना. तुम्ही बघताय, हे समजायचं मले." ती नेटची घडी घालत होती. "माझी आई फोन नाही उचलत. तुमची बसने येते, तीन-तीन तास बसून राहते. लई जळायची मी तुमच्यावर."

माझ्याजवळ जळण्यासारखं काही असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिचा हात धरावा असं वाटलं, पण धरला नाही. आईला तिने इतकं बारकाईनं पाहिलं होतं, याचाच मला पुन्हा राग आला.

महिना संपला, सर्व्हिस परत मिळाली. आम्ही दोघी आता एकाच बाजूने खेळतो. उन्हाळ्यात दुसऱ्या एका केंद्राबरोबर मॅच झाली, ती हरलो. खेळ संपल्यावर ती आईच्या एका बाजूला बसते, मी दुसऱ्या. आई डबा उघडून आधी कोणापुढे धरते, तिकडे माझं अजून लक्ष असतं. तीही तेच बघत असते.