खाली 'साभार' लिहिलं होतं

आमचा दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि एका जागी बसत नाही. चहासुद्धा उभ्याने पितो. वहिनी म्हणते, "यांच्या पायाला जन्मतःच भिंगरी आहे." असा माणूस तीन वर्षं, दर महिन्याला दोन-दोन तास खुर्चीला चिकटून एका बोटाने लेख टाइप करायचा, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मला थाप वाटली असती.

लेख त्याचे नव्हते. मशीनचं काम शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई एका छोट्या मासिकात लिहायच्या. अंक आला की दादा अख्खा लेख कारागिरांच्या फोरमवर चढवायचा आणि खाली 'साभार' लिहून बाईंचं नाव घालायचा. फोरम वापरायला मीच शिकवलं होतं, तेव्हा थोडं पाप माझ्याही माथी. एकदा मी विचारलं होतं, "त्यांना विचारलंस का?"

"नाव दिलंय की खाली. चोर कधी नाव सांगून चोरी करतो का?"

फोरमवर त्याने 'तेलवाला' असं नाव घेतलं होतं. हळूहळू लोक 'तेलवाले गुरुजी' म्हणू लागले, आणि ते त्याला गोड लागत होतं. मला दिसत होतं, मी गप्प बसले.

मग एका मंगळवारी फोरमवर दादाला बाईंचा निरोप आला. त्यांच्या लेखांचं पुस्तक निघणार होतं. प्रकाशकाने नेटवर शोधलं, तर तेच लेख दुसऱ्याच्या नावाने फिरत होते. आता तो बाईंनाच विचारत होता, हे नक्की तुमचं आहे ना? शुक्रवारपर्यंत खात्री पटली नाही तर पुस्तक रद्द. 'तुम्ही माझं नाव घालत होतात,' बाईंनी लिहिलं होतं, 'पण ते वाटेत कुठेतरी गळून पडलंय.'

"कोण हा हरामखोर?" म्हणत दादा शोधायला बसला. तिसऱ्याच फोरमवर सापडलं. अख्खा लेख, शब्दन् शब्द. खाली लिहिलेलं: 'साभार, तेलवाले गुरुजी.'

दादा उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "मी कुठे म्हटलं माझं आहे म्हणून?"

"नाही म्हटलंस. पण ताट वाढून तूच दिलंस. दोन-चार ओळी देऊन 'पुढचं मासिकात वाचा' म्हणाला असतास, तर लोक त्यांच्या दारी गेले असते. ते तुझ्या दारी आले." रागाच्या भरात बोलले खरी, पण चुकीचं बोलले नाही.

दोन दिवस दुकानात त्याचं लक्ष नव्हतं. एका मशीनला सुई उलटी बसवली आणि टाका का सुटतोय म्हणून तासभर डोकं खाजवत बसला. मध्येमध्ये छत्तीस लेख काढून टाकत होता. प्रत्येकाच्या जागी बाईंच्या दोन ओळी, त्यांचं नाव आणि मासिकाचा अंक. दोन ओळी निवडताना त्याला घाम फुटायचा, कारण त्याला सगळ्याच हव्या असायच्या. दुसऱ्या फोरमवाल्यांनाही त्याने लिहिलं. कोणी काढलं, कोणी उत्तरच दिलं नाही. आमच्याच फोरमवर एकाने टोमणा मारला, 'गुरुजी भाव खायला लागले.' तो त्याला फार लागला.

गुरुवारी दुपारी तो प्रकाशकाला पत्र लिहायला बसला. "सांग, मी टाइप करते," म्हटलं, तर नको म्हणाला.

'तेलवाले गुरुजी म्हणजे मी. या लेखांतली एकही ओळ माझी नाही. मी फक्त उतरवून घेतलं, तेही न विचारता. सगळे लेख बाईंचे आहेत. छत्तीस अंक माझ्याकडे जपून ठेवलेत, म्हणाल तेव्हा घेऊन येतो.' हेच फोरमवरही टाकणार होता, सगळ्यांना दिसेल असं.

मी वाचायला वाकले. शेवटी सवयीने त्याने 'साभार' लिहिलं होतं आणि पुढे कोणाचं नाव घालायचं म्हणून बोट थांबलं होतं.

"ते खोड," मी म्हटलं. "हे तुझं तू लिहिलंयस."