आत्याच्या तोंडचा धोका

"सोडणार हायत म्हणं."

"कधी? आज का उद्या?"

"पाणी न्हाई गं. त्याला."

टँकरच्या रांगेत माझ्या पुढे दोन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक बोलता बोलता मागे वळली, तिने मला पाहिलं आणि पदराचं टोक तोंडाला लावलं. मी अक्काची भाची आहे हे तिला तेव्हा आठवलं असावं. माझ्या आत्याला अख्खं गाव अक्का म्हणायचं. मी घागर पायाने पुढे सरकवली आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. असा चेहरा करणं मला लहानपणापासून जमतं.

गाव जळकोटपासून फार लांब नव्हतं. मी लातूरला स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी राहत होते, पण त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ बंद पडले आणि हॉस्टेलच्या मावशींनी आम्हा मुलींना सांगून टाकलं की पाऊस पडेपर्यंत घरी जा. माझं घर नांदेडला. पण बाबांनी फोनवर सांगितलं, "तू आत्याकडे जा. या दिवसांत तिच्याजवळ कुणीतरी पाहिजे." या दिवसांत म्हणजे कोणत्या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते मला त्या रांगेत कळलं.

"त्याला" म्हणजे ज्याने आत्याच्या नवऱ्याला मारलं त्याला. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात.

दोघांचा मिळून एक टेम्पो होता. धर्माबादहून मिरची भरायची आणि उदगीरला आणून टाकायची. तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण जेवायला बहुतेक आत्याकडेच असायचा. एका संध्याकाळी परत येताना वाटेत दोघांचं भांडण झालं. कशावरून झालं ते आजही कुणाला धड सांगता येत नाही. त्याने जॅकचा दांडा मामाच्या डोक्यात घातला. मग त्यानेच मामाला उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं आणि सगळ्यांना सांगितलं की टेम्पो नाल्यात गेला. आत्याने विश्वास ठेवला. तो तिच्या ओट्यावर बसून रडला. मामाला माती देताना त्याने आपल्या हाताने विभूती लावली. पोलीस आले ते त्यानंतर.

कोर्टाने जन्मठेप दिली. मी तेव्हा फार लहान होते. मला आठवतं ते एवढंच की नांदेडच्या घरात मी खोलीत शिरले की मोठी माणसं बोलायची थांबत.

आता त्याची चौदा वर्षं भरली होती, आणि त्याला सोडावं की नाही हे ठरवण्याआधी सरकार गावाला विचारणार होतं: हा माणूस परत आला तर कुणाला धोका आहे का?

तोपर्यंत गावात बोलायला दोनच विषय होते, पाणी आणि जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, अशी बातमी दर काही महिन्यांनी यायची आणि परत जायची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर "जिल्हा झालाच पाहिजे"चं बॅनर उन्हाने पांढरं पडलं होतं. आत्याच्या घरासमोर एक चहाचं हॉटेल होतं. दुपारी खिडकी लावून मी पुस्तक घेऊन बसले की बाहेरचं सगळं ऐकू यायचं.

"चौदा वर्षं झाली, बास झालं की आता. मानूस हाय का दगड?"

"तुमच्या घरचा गेला असता म्हंजे कळलं असतं."

"म्हातारा झालाय हो त्यो. काय करणार हाय आता?"

"दांडा उचलायला काय वय लागतंय का? एकदा हात उठला की उठला."

"माझं ऐका," हॉटेलवाला म्हणायचा. त्याचं मत रोज वेगळं असायचं. "जिल्हा झाला की आपलं बी जेल व्हईल. मंग त्याला हितंच ठिवू, नजरंसमोर. त्याच्या मायला डबा द्यायला बी सोपं."

आत आत्या ज्वारी निवडत बसलेली असायची. तिलाही ऐकू यायचं. ती सूप जरा जोरात आपटायची. दोन दिवस तिने नीट खाल्लं नव्हतं. मी ताट वाढून दिलं की म्हणायची, "तू खा गं माय. मला इच्छा न्हाई." मी एकदा विचारलं, "आत्या, तो आला तर?" ती म्हणाली, "आला तर आला." एवढंच.

तहसीलचे साहेब आले ते दोन्ही कामं घेऊन. आधी ही चौकशी, मग टँकरच्या खेपांचा आढावा. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. त्याच्यासाठी किती माणसं आली होती आणि पाण्यासाठी किती, कोण जाणे. दाराशी, जिथे चपला काढल्या होत्या तिथे, त्याची आई बसली होती. फार वाकलेली होती. ती कुणाकडे बघत नव्हती आणि तिच्याकडेही कुणी बघत नव्हतं. आत्याचं आणि तिचं इतक्या वर्षांत बोलणं नव्हतं.

आत्याला पुढे खुर्ची दिली. ती खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसली, म्हणून मीही बसले.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत. चांगलं बोलत होते. "अक्का, घाबरू नका. मनात असेल ते सांगा. हा माणूस सुटून आला, तर तुम्हाला त्याच्यापासून धोका आहे का?"

"हाय की," आत्या म्हणाली. "धोका तर हायच. एक दिस गेला न्हाई त्यो मनातून."

"म्हणजे पुढेही धोका होईल असं वाटतं तुम्हाला?"

"ज्यानं एकदा केला त्यो परत करतंयच. सभाव असतोय मानसाचा."

साहेबांनी मान हलवली आणि शेजारच्या कारकुनाला लिहायला सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मयताच्या पत्नीचं म्हणणं असं की, सदर कैदी सुटल्यास तिच्या जिवाला धोका आहे, आणि तो पुन्हा तसंच कृत्य करील अशी तिला खात्री आहे."

मी आत्याकडे बघितलं. पण त्याआधीच मला कळलं होतं की काहीतरी चुकलंय, आणि नेमकं काय चुकलंय तेही कळलं होतं.

ते मलाच कळावं याला कारण आहे. नांदेडला आमच्या शाळेच्या रस्त्यावर विजेच्या खांबाला एक पत्रा होता. त्याच्यावर कवटी होती आणि खाली लिहिलं होतं, धोका. मराठीच्या बाईंनी सांगितलं, धोका म्हणजे डेंजर. मी ते पक्कं पाठ केलं. त्याच सुट्टीत मी आत्याकडे आले. सकाळी आत्या ओट्यावरून म्हणाली, "दूधवाल्यानं आज धोका केला बघ." मी दुधाचा पेला तोंडाला लावला नाही. कवटीच दिसत होती मला त्याच्यात. शेवटी रडत रडत मी सांगितलं की यात विष आहे, तेव्हा घरातली सगळी माणसं हसून लोळली. मामा तर भिंतीला टेकून हसला. दूधवाल्याने पाणी घातलं होतं, बस. आत्याच्या मराठीत धोका म्हणजे फसवणूक, विश्वासघात. ज्याची भीती वाटते त्याला ती भ्याव म्हणते. माझ्या त्या धोक्याची गोष्ट पुढे कित्येक वर्षं दर लग्नात निघायची, आणि मी मराठीत चारचौघांत बोलायचं कमी केलं ते तेव्हापासून.

हॉलमध्ये कुजबुज वाढली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "बरं केलं अक्का. कोंडून टाकलं त्याला कायमचं."

आत्या मागे वळली. "काय केलं मी?"

"तुम्हीच सांगितलं की. जिवाला धोका हाय म्हणून."

"झालं," हॉटेलवाला म्हणाला. "अक्कानं निकाल दिला. आता सरकार काय करतंय?"

आत्याने माझा हात धरला. तिचा हात कोरडा आणि गरम होता. अगदी हळू, माझ्यापुरतं ती म्हणाली, "जीव कुठून आला मधी? मी जिवाचं कवा बोलले?" आणि मग, "मी बी खोटं बोलले का गं आता? त्याच्यावाणी?"

ती तेवढ्यानेच घाबरली होती. तो आत राहील की बाहेर येईल हे तिने ठरवायचं नव्हतंच. पण ज्या माणसाने तिच्या ओट्यावर बसून तिला खोटं सांगितलं, त्याच्याबद्दल तिच्या तोंडून एक खोटं वाक्य जाऊन बसणार होतं, आणि ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं. दाराशी त्याच्या आईने डोक्यावरचा पदर पार तोंडावर ओढून घेतला होता.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, आता टँकर." आणि सगळी माणसं एकदम पुढे सरकली. खेपा, खालची आळी, वरची आळी. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते वाक्य तिथेच राहिलं असतं.

मी उभी राहिले. आणि माझ्या तोंडून आलं, "एक्सक्यूज मी."

हॉल हसला. "घ्या, इंग्लिश मीडियम आलं," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "बोला म्याडम, पानी कवा येतंय ते बी इंग्लिशमधी सांगा." साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "बोला." मी बोलले. फार लांब नव्हतं ते. बोलताना मी साहेबांच्या खिशातल्या पेनाकडे बघत होते.

साहेबांनी कारकुनाला थांबायला सांगितलं, खुर्ची पुढे ओढली आणि आत्याला विचारलं, "अक्का, तुम्हाला त्याची भीती वाटते का? भ्याव?"

"भ्याव?" आत्या म्हणाली. "त्याचं? माझ्या चुलीम्होरं बसून खाल्लंय त्यानं."

"मग परत करतंयच म्हणालात, ते काय?"

"लबाड बोलतंय परत. मारतंय म्हणले का मी?" मग तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "त्याला सोडायचं का न्हाई ते तुम्ही बघा साहेब. ते मला इचारू नका. माझ्या दारात मातर येऊ नये. मला त्याच्या तोंडचं काही ऐकायचं न्हाई. एवढं लिवा."

"लबाड बोलणाऱ्याला आत ठिवायचं म्हणलं तर निम्मं गाव जाईल अक्का," हॉटेलवाला म्हणाला.

"म्हणून तर जेल मागायलास न्हवं तू?" आत्या म्हणाली, आणि या वेळी हॉल तिच्या बाजूने हसला. साहेबसुद्धा.

आधीचं खोडून नवं लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि आत्याने दोन्ही वेळा "हाव" म्हटलं.

निघताना दाराशी चपलांचा ढीग होता. आत्या आपली चप्पल शोधत वाकली. त्याच्या आईने ढिगातून आत्याची चप्पल बरोबर ओळखून काढली आणि जोडी नीट लावून तिच्या पायाशी सरकवली. आत्याने चपला घातल्या. दोन पावलं गेल्यावर ती मला म्हणाली, "घरी चल. भूक लागलीय."

त्या दिवशी आत्याने दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासोबत, आणि दुपारी जमिनीवरच आडवी होऊन अशी घोरली की हॉटेलवाल्याने बाहेरून विचारलं, टँकर आला का. मी खिडकी उघडी ठेवून वाचत बसले. फार हलकं वाटत होतं मला, घागर उतरवून ठेवल्यावर खांद्याला वाटतं तसं.

तो पुढच्या वर्षी सुटला. गावात आला नाही, बिलोलीकडे बहिणीच्या गावी राहायला गेला, आणि त्याची आई अधूनमधून एसटीने तिकडे जाऊन यायला लागली. त्याला सोडायला हवं होतं की नको, हे हॉटेलवर अजून ठरलेलं नाही. माझंही ठरलेलं नाही. जिल्हाही अजून झालेला नाही.

पण आता दर लग्नात दुधाच्या पेल्याच्या गोष्टीपाठोपाठ ही दुसरी गोष्ट निघते. आत्या ती सांगते आणि दरवेळी माझं भाषण लांबत जातं. मागच्या वेळी तर मी साहेबांना कायदा समजावून सांगितला होता. खरं तर, हसणं थांबल्यावर, मी एवढंच म्हणाले होते:

"साहेब, आमच्या आत्याच्या बोलण्यात धोका म्हणजे फसवणूक. तो तिच्याशी खोटं बोलला, तेवढंच ती सांगतेय. तिला भीती वाटते का, ते तुम्ही अजून विचारलंच नाही."