बकरीची मागणी

मी कोणत्याच पक्षाचा नाही. मी झेरॉक्सवाला. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पुलावरून उतरलं की उजव्या हाताला माझं दुकान लागतं. लाल, भगवे, निळे, हिरवे, सगळ्यांचे कागद माझ्या काचेवर पालथे पडतात आणि मी कोणाचंच काही वाचत नाही. अपवाद एकच होता, ताहेरभाईची 'टोचणी'. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, महिन्यातून एकदा निघायचा. तो वाचताना मी मशीन बंद ठेवायचो. गिऱ्हाइकानं घाई केली तर त्यालाच वाचून दाखवायचो.

ताहेरभाई धंद्यानं मोटार-रिवाइंडिंगवाला. शेतातली पाण्याची मोटार जळली की तिची तांब्याची तार काढून नवी गुंडाळून द्यायची. पण ती वर्षंच अशी होती की विहिरीत पाणी नाही, आणि पाणी असलं तर वीज नाही. मोटारीला जळायला तरी आधी चालावं लागतं ना. दिल्ली-मुंबईहून पाहणी समित्या यायच्या, बाटलीतलं पाणी पिऊन जायच्या, आणि ताहेरभाई त्यांच्यावर 'टोचणी' काढायचा. एका अंकात त्यानं लिहिलं होतं की आमच्या तालुक्यात यंदा समित्यांचं पीक सोळा आणे आलं. परतवाड्याला जाणाऱ्या जीपवाल्यांनी तो कागद गाडीच्या काचेला चिकटवला होता.

आता त्याच्या पक्षाबद्दल. शाखेचे सभासद नऊ. त्यांतले एक मुलाकडे पुण्याला, एक अंथरुणाला, एकांना ऐकू येत नाही म्हणून येत नाहीत, आणि एक सोव्हिएत संघ मोडला तेव्हापासून रुसलेले. उरले पाच. गुरुवारच्या बैठकीचा कोरमही पाचाचाच. म्हणजे एकाला पडसं झालं तरी क्रांती पुढच्या गुरुवारवर गेली. पण ताहेरभाईनं बावीस वर्षांत बैठक चुकवली नाही. त्याच्या निकाहाच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, तर गडी अत्तराच्या वासासकट बैठकीला हजर.

त्याची बायको महेजबीनभाभी चांदूर बाजारची, मराठी शाळेत शिकलेली. घरी शिलाई मशीन होती. साड्यांचे फॉल-पिको, पोरींचे कुर्ते, यावर घर चालायचं. भाभी बोलायची कमी. मी म्हणायचो, घरात एक जण इतकं बोलत असल्यावर दुसऱ्याला पाळी कुठून येणार.

तर माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला एकदा व्हायरस लागला. 'टोचणी' त्याच्यावरच टाइप व्हायची, म्हणून ताहेरभाईनं मनावर घेतलं. कुठल्याशा मासिकासोबत फुकट आलेली लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी बसवतात त्या सिस्टिमची, सीडी घेऊन तो आला आणि माझी मशीन पार धुऊन काढली. माझे लग्नपत्रिकांचे गणपतीही त्यात गेले. मी डोक्याला हात लावून बसलो, तर हा मलाच समजावतो.

"याचा कोनी मालक नाही, किशोरभाऊ. कोनीबी घ्यावं, खोलून पाहावं, बदलावं, दुसऱ्याले द्यावं. अट एकच. ज्यानं बदललं त्यानंबी पुढच्याले तसंच मोकळं द्यावं."

"म्हंजे विरजन," मी म्हटलं. "आमच्या आळीत असंच देतात. पन माह्ये गणपती?"

गणपती आले नाहीत. पण दर रविवारी दुकानात लिनक्सवाल्यांचं मंडळ भरायला लागलं. चारपाच जण. पक्षाच्या सवयी कुठं जातात? ताहेरभाई आधी अध्यक्ष निवडायचा, मग मागच्या बैठकीचा वृत्तांत, एकदा तर कोणाची तरी हार्ड डिस्क गेली म्हणून श्रद्धांजलीचा ठराव. मग सीडी टाकायची. कोणतं लिनक्स चांगलं यावरून पुढं त्या मंडळाचेही दोन तुकडे झाले. ताहेरभाई म्हणाला, "हे त आपल्यासारखेच निंघाले," आणि त्याचा विश्वास आणखीच वाढला.

पुढं एक अडचण आली. छापताना ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. 'किसान' छापलं की ते शेतकऱ्यानंसुद्धा ओळखू नये. ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना कळवा, दुरुस्त करतात, असं मंडळातल्या कोणी सांगितलं. ताहेरभाईला कळवायची एकच रीत ठाऊक. त्यानं निवेदन लिहिलं. 'आम्ही खाली सही करणारे', मग मागण्या, मग शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' खाली पाच सह्या. मी जमेल तसं इंग्रजी करून ते इंटरनेटवरून पाठवलं आणि मनात म्हटलं, आता आपली इज्जत सातासमुद्रापार गेली.

दोनतीन दिवसांत उत्तर आलं. ब्राझीलमधली कोणी बाई होती. तिनं लिहिलं होतं, 'माफ करा. दुरुस्त केलं आहे. तपासून सांगाल का?'

ताहेरभाईनं ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग स्टुलावर बसला. "बावीस वर्षं झाले, किशोरभाऊ," तो म्हणाला. "कलेक्टर झाले, तहसीलदार झाले, मंत्री झाले. आज पयलं निवेदन मंजूर झालं."

माणूस त्या दिवशी त्या मोकळेपणाकडं जो वळला तो वळलाच. पुढच्या 'टोचणी'च्या तळाला त्यानं ओळ टाकली: 'हा मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, छापावा, वाटावा. मूळ लिहिणाऱ्याचं नाव ठेवावं आणि बदललेलं पुढच्यालाही असंच मोकळं द्यावं.'

"हे हात दाखवून अवलक्षण हाये," मी म्हटलं.

"तू झेरॉक्सवाला. तुले कॉपीचा कायचा भेव?"

मग आली बकरी. आमच्या भागात खुशालराव म्हणून पुढारी होते. त्यांची सूतगिरणी होती, म्हणजे व्हायची होती. निवडणूक आली की कोनशिला बसायची. अशा तीन कोनशिला, चार भिंती, आणि आत एक बकरी राहायची. ताहेरभाईनं तिची मुलाखत छापली. 'आपण इथं काय करता?' 'मी इथली एकमेव कायम कामगार आहे.' 'उत्पादन?' 'लेंड्या. त्यातही मंदी आहे.' बाजारात लोक पोट धरून हसले. दह्याच्या गाडीवाल्यानं खुशालरावांना पाहून बें केलं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण दह्याच्या गाडीवाल्याला मी ओळखतो.

पंधरवड्यात खुशालरावांच्या माणसांनी उत्तर काढलं. गुळगुळीत कागद, चार रंग. तीच मुलाखत, फक्त बकरी आता लाल पक्षाची. 'सभासद किती?' 'मी एकटीच.' 'मग ठराव?' 'अकरा, सगळे बहुमतानं.' 'बहुमतानं का? एकमतानं का नाही?' 'माझेच माझ्याशी मतभेद आहेत.' आणि तळाला, कायद्यानं चोख, 'मूळ लेखक: कॉम्रेड ताहेर. बदल: खुशालराव मित्रमंडळ. कोणीही घ्यावं, बदलावं, वाटावं.'

मी हसलो. खोटं कशाला बोलू? मग ताहेरभाई दारात दिसला आणि मी तो कागद झेरॉक्सच्या झाकणाखाली सारला.

"पाहिला म्या," तो म्हणाला. "बदललं त्याचं दुख नाही. चांगलं बदललं, त्याचं हाये."

शाखेत मात्र वणवा पेटला. सचिव डोमाजी म्हणजे माणूस तत्त्वाचा, पण हसण्याचं त्याला वावडं. त्यानं सरळ सांगितलं, "कॉम्रेड, आपली बकरी दुश्मनाच्या कुंपनात गेली. ते मोकळं-मोकळं बंद करा. खाली 'सर्व हक्क राखीव' टाका. नाहीतं टोचणीले पक्षाचा कागदबी नाही आन् शाईबी नाही. येत्या गुरुवारी ठराव." पक्षाच्या कागद-शाईशिवाय 'टोचणी' निघणं शक्य नव्हतं. मोटारी बंद पडल्या होत्या आणि घर भाभीच्या मशीनवर होतं. 'टोचणी' गेली असती तर ताहेरभाईकडे राहिलं काय असतं? तांब्याची तार.

तो आठवडा त्याचा फार वाईट गेला. पुलावर उभा राहून मोर्णेत पाहायचा, आणि मोर्णेत पाहण्यासारखं काय असतं ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. गुरुवारी दुपारी दुकानात आला, स्टूल ओढला.

"टाक, किशोरभाऊ. सर्व हक्क राखीव. मी बैठकीच्या आंधीच माघार घेतो."

"टाकतो," मी म्हटलं. "पन मंग याचं काय करू? सकाळीच छापाले आलं. तुमचे हक्क राखीव झाले त हे छापता येत नाही."

आणि मी त्याच्यापुढं कागद ठेवला. पिकोच्या पावतीमागं निळ्या पेननं लिहिलेला. बकरीचीच मुलाखत होती, फक्त ही बकरी कॉम्रेडच्या घरची होती. ताहेरभाई वाचायला लागला आणि मी कॉम्प्युटरमध्ये काही तरी शोधतोय असं दाखवत राहिलो. पाठ झालं होतं मला ते.

'तुमी कामगार हाये का?' 'काम त करतो. कामगार हाये का नाही, ते बैठकीत ठरलं नाही.' 'आठ तासांचा दिवस?' 'त्यासाठी घरचे लढून राहिले, म्हनून माहा सोळा तासांचा झाला.' 'युनियन काहून करत नाही?' 'पुढारी घरातच हाये. पन त्याले येळ नाही.' 'मालक कसा हाये?' 'मालक नाहीच म्हनते तो. दोर मात्र हाये.' 'तुमची मागणी काय?' 'कोनी इचारलं त सांगीन.'

खाली लिहिलं होतं: मूळ लेखक ताहेर. बदल महेजबीन. कोणीही घ्यावं, बदलावं.

कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. इथं सोनार घरातच होता आणि बावीस वर्षं दुसऱ्यांचे कान टोचून येणाऱ्याला पत्ता नव्हता. मला त्याची दया आली, आणि जरा बरंही वाटलं. त्यानं माझ्याही गणपतींचं वाटोळं केलं होतं.

एवढ्यात भाभीच आली. हातात भाजीची पिशवी, तिला छापील प्रती हव्या होत्या. नवऱ्याला पाहून दारातच थांबली. तोंडावर पदर नाही की हसू नाही, सरळ उभी.

"हे कवा लिवलं?" ताहेरभाईनं विचारलं.

"तुमी बैठकीले गेले होते तवा."

"कोनत्या बैठकीले?"

"सगळ्याच," भाभी म्हणाली.

बोलण्यावर ज्याचा जन्म गेला तो माणूस स्टुलावर बसून पावतीची घडी घालत होता, उलगडत होता. मग मला म्हणाला, "खालची ओळ राहू दे. मोकळीच राहू दे. आन् हे पयल्या पानावर घे." उठला, भाभीच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं निघाले. पक्षाचं ऑफिस डावीकडं, घर उजवीकडं. दोघं उजवीकडं वळले.

संध्याकाळी डोमाजीचा फोन. "ताहेर कुठी हाये? कोरम होऊन नाही राहिला."

"घरी," मी म्हटलं.

"घरी? आजारी हाये का?"

"नाही. घरीच हाये."

चार कॉम्रेड दिवे जाईस्तोवर बसले आणि उठले. 'टोचणी'चा कागद-शाई तोडायचा ठराव होता, आणि ताहेर नाही म्हणून तो मांडताच आला नाही. पुढच्या गुरुवारी मांडता आला असता. पण तोवर भाभीची बकरी जुन्या शहरातून पार परतवाड्यापर्यंत गेली होती, आणि डोमाजीच्या घरी त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं, ती स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली होती, असं कानावर आलं. डोमाजीनं तो विषय पुन्हा काढला नाही. कागद मिळाला, शाईही मिळाली.

भाभी पुढच्या महिन्यात दुकानात आली, तेव्हा मला राहवलं नाही. "भाभी, त्या दिवशी रस्त्यानं त्यानं मागणी इचारली का नाही?"

"इचारली ना."

"मंग?"

"मी सांगतली. त थे म्हने, माफ कर. दुरुस्त करतो. तपासून सांग."

ब्राझीलच्या बाईचं उत्तर गड्यानं जसंच्या तसं उचललं होतं. मोकळंच होतं म्हणा ते, कोणीही घ्यावं.

"मंग तपासलं का?" मी विचारलं.

भाभीनं प्रती मोजून पिशवीत ठेवल्या.

"तपासून राहिली, भाऊ."