अक्काच्या पोटात दुर्बीण

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, अहमदपूरला असते. वर्षभर तिचं पोट जळत होतं. दोन घास खाल्ले की पोट गच्च, वरून मळमळ. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले तेव्हा मला धडकीच भरली. आमची आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे फोनवर आम्ही दोघी तो एक शब्द सोडून जगातलं सगळं बोलायचो.

अक्काचे उपाय चालूच होते. खायचा सोडा, ओवा, शेजारणीनं दिलेलं कसलंसं चूर्ण. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, त्याही सकाळी उपाशीपोटी, कारण कामाला लागायच्या आधी गुडघे मोकळे व्हायला पाहिजेत ना बाईचे! सांगायला जावं तर म्हणायची, "लातूरला राहून लई शहाणी झालीस तू." शेवटी भांडभांड भांडून मी तिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी लातूरला यायला लावलं. रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं पुन्हा पुन्हा बजावलं. "हाव गं बाई, हाव," म्हणाली.

सकाळच्या एसटीनं ती परस्पर दवाखान्यात आली. मी रजा काढून आधीच जाऊन बसले होते. नर्सनं विचारलं, "मावशी, काही खाल्लं का?"

"न्हाई बा."

"चहाबिहा?"

"चहा घेतला की. नणंदेकडं. खारी बी दिली तिनं."

माझं डोकंच सणकलं. तिची नणंद लातूरच्या बसस्टँडजवळ राहते. नणंदेच्या दारावरून तसंच पुढे गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, आणि आत गेल्यावर चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडणच. त्यातून चहाला आमच्याकडे कुणी खाण्यात धरतच नाही; भाकरी पोटात गेली नाही तोवर माणूस उपाशी. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी तिला सगळ्यांसमोर झापलं. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

घरी आल्यावर मी तणतणत कुकर लावला, भांडी आपटली. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"येडी न्हाई मी," म्हणाली. "चहा घेतला की आज दुर्बीण टाकत न्हाईत, ठाऊक होतं मला. नणंद तर लई म्हणली, नको घेऊ वैनी, आज तुझी तपासणी हाय. मीच मागून घेतला."

"अगं पण का?"

"आईचंच निघालं तर? अजून एक दिस न कळता राहू दे की मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला जवळ घेतलं. भीती मलाही तीच होती, म्हणून तर इतकी ओरडत होते. वरणाला फोडणी द्यायची राहूनच गेली, तसंच जेवलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली, पोटाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत अक्का माझ्याकडेच राहिली. माझे घासलेले डबे तिनं परत घासले. "तुझ्या सैपाकघरातल्या पसाऱ्यात मुंगीला बी वाट सापडत न्हाई," म्हणून मला चिडवत राहिली. हसताना मात्र आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी आधी तेच सांगितलं. "कॅन्सर नाही." अक्कानं पदर तोंडाला लावला.

"पण सूज आहे. एका जागी नाही, पोटाचं सगळं अस्तरच सुजलंय. कुणाला ही सूज गोळ्यांनी येते, कुणाला जंतूनं, कुणाचं शरीर आपल्याच पोटावर उलटतं. तुमच्यात जंतू सापडलाय, आणि गुडघ्याच्या गोळ्यांनी त्यात भर घातलीय. त्या आता बंद. आणि मी देतेय तो कोर्स मध्येच सोडायचा नाही." मग त्या मला म्हणाल्या, "हा जंतू बहुतेक लहानपणी घरातूनच येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तुमच्या आईचा आजार बघता सख्ख्या भावंडांनीही तपासून घेतलेलं बरं."

अक्का लगेच बोलली. "हिला बी जळजळ होते, मॅडम. पर्समधी गोळ्यांची पट्टी घेऊन हिंडायलीय ही."

"काही नाही झालेलं मला," मी फणकारले. "जागरण झालं की होतं थोडंसं. साधं पित्त आहे माझं."

अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं.

"आई बी हेच म्हणायची गं."

मला डॉक्टरांसमोरच रडू फुटलं. आवरता आवरेना. मग नाक पुसून मी विचारलं, "मी कधी येऊ?"