आधी जमीन, शेवटी प्रोसेसर

झरीच्या शाळेच्या ओट्यावर आमची बैठक चालू होती. मी बोलत होते, आणि नेहमीसारखी मोठ्याने बोलत होते. पेडगावचा एक माणूस सायकल भिंतीला टेकवून आला, माझं वाक्य संपायची वाट बघत उभा राहिला, आणि ते संपतच नाही असं दिसल्यावर हळूच म्हणाला, "ताई, मन्मथअप्पा गेले. लिंगैक्य झाले. सकाळी. गंगाक्कानं तुमाला निरोप द्याया सांगितलंय." माझं ते वाक्य अर्धंच राहिलं. आजतागायत ते काय होतं हे मला आठवत नाही... मिळेल त्या वाहनाने पेडगाव, अप्पांचं गाव, गाठलं. तिथे माती देताना जे झालं ते मी शेवटी सांगणार आहे. त्याचा अर्थ लागायचा तर अप्पांनी आमच्या खोलीत काय केलं होतं ते आधी कळायला हवं.

अप्पांचं परभणीत रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, वरच्या खिशात टेस्टर. मोर्चात ते कधी आले नाहीत, पत्रकावर सही केली नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की मान खाली घालून सोल्डरिंगचे डाग देत बसायचे. मी त्यांना तोंडावर 'कुंपणावरचे' म्हणायची. ते हसायचे आणि म्हणायचे, "कुंपणावरबी कुणीतरी पायजे ना वंदनाबाई, वायर टाकायला." मला ते हसणं अजिबात आवडत नसे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जो ओरडत नाही तो विरोधात आहे, असं माझं पक्कं मत होतं.

एका गावात वस्तीच्या तोंडाशी नामांतराची पाटी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीचं पाणी बंद झालं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या बाया अजून तिथेच राहतात. आम्ही घरोघर फिरून जबाब घेतले, मी माझ्या हाताने स्टेन्सिल कापलं, सायक्लोस्टाइल करून तहसील कचेरीत दिलं. साहेबांनी दोन बोटांनी कागद धरला आणि वाचता येत नाही म्हणून परत केला. गावचे पुढारी तिथेच बसले होते. वस्तीची काही तक्रारच नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पुढची सुनावणी महिनाभरावर होती. स्वच्छ छापलेला जबाब हवा होता आणि शहरातला एकही प्रेसवाला नामांतराचा कागद हातात घ्यायला तयार नव्हता. कुणाकडे टाईप कमी होता, कुणाचा कंपोझिटर अचानक आजारी. एकाने तर 'आमचं फक्त लग्नपत्रिकांचं आहे' असं सांगितलं आणि त्याच्या टेबलावर निवडणुकीची हँडबिलं पडलेली होती!

हैदराबादला नोकरी करणाऱ्या आमच्या एका मित्राने तेव्हा कॉम्प्युटरचा जुना पडदा, कीबोर्ड, मराठी अक्षरांची सोय आणि सुयांनी ठोके मारणारा प्रिंटर गोळा करून दिला. त्या प्रिंटरची रिबन काढली की तो थेट स्टेन्सिल कापतो, हे त्यानेच सांगितलं. आतलं यंत्र मात्र आम्हाला जुळवायचं होतं. मी हैदराबादला गेले, दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जोरदार असेल ते द्या, आणि चार-शहाऐंशी जातीचा प्रोसेसर रुमालात बांधून परत आले. एवढाच. मला वाटलं हाच कॉम्प्युटर, बाकी सगळं खोकं.

अप्पांनी रुमाल सोडला. नायलॉनचा आहे, घासला की वीज धरतो, म्हणून आधी रुमालच बाजूला फेकला. चौकोनी काळी वडी, पोटाखाली सोनेरी सुया. भिंगाखाली धरून ते किती वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "डोकं झकास आणलंव. धड कुठं हाय?"

मी म्हटलं, धड तुम्ही करा. तुमचं काम आहे ते.

"करतो की. पण आमी भितीपासून सुरू करतो."

आणि खरोखर त्यांनी भिंतीपासून सुरुवात केली. प्रोसेसर खोबऱ्याच्या डब्यात, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळून ठेवून दिला, मीटर घेतला आणि परभणीच्या कडेच्या आमच्या वस्तीत, चळवळीच्या पत्र्याच्या खोलीत येऊन बसले. दिवसातून पाच-सहा वेळा भिंतीतली वीज मोजायची आणि वहीत लिहायची. सकाळी किती, जेवणवेळी किती, शिवारातल्या मोटारी चालू झाल्यावर किती. असे चार दिवस गेले. मी चिडले. तिथे बाया दोन कोस पाणी वाहतायत आणि तुम्ही भिंत तपासताय, असं बोलले. याहून वाईटही बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यांनी वही माझ्यापुढे केली. दुपारी वीज एकशे सत्तर व्होल्टवर येत होती. म्हणाले, "दोनशे तीस धरून आणलेलं यंत्र दुपारी बंद पडंल. तुमचा आर्धा जबाब खाऊन बंद पडंल. मग कुणावर वरडसाल?"

मग जमीन, म्हणजे अर्थिंग. खोलीमागे त्यांनी स्वतः कुदळ मारून छातीएवढा खड्डा घेतला, तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. मीठ माझ्या हाताने टाकून घेतलं. जमीन ओली राहिली पाहिजे, रोज तांब्याभर पाणी टाकायचं, खारी ओली जमीनच वीज पोटात घेते, हे तेव्हा सांगितलं. खड्डा झाल्यावर आमच्या माठातलं पाणी प्यायले. त्याचं कौतुक मी करणार नाही. पाणी होतं, तहान लागली होती, प्यायले. कौतुक करावं लागतं याचीच मला चीड येते. पण ज्यांना त्याची पोटदुखी झाली त्यांच्यातले एक शेठ दुसऱ्या दिवशी दुकानात उगवले. मी तिथेच होते.

"काय अप्पा, तिकडं वस्तीत खड्डे खांदायलाव म्हणं?"

"खांदायलो ना. तुमाला बी खांदून देतो. तुमचा टीव्ही झटके मारायलाय न्हाई का?"

शेठ गेले ते गेलेच. त्यांच्यामागे लग्नाच्या लाउडस्पीकरची बरीच कामंही गेली. अप्पांनी हे मला कधी सांगितलं नाही. गंगाक्का, म्हणजे त्यांची बायको, तिने सांगितलं.

परभणीत एक बंद पडलेला कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथून एक मदरबोर्ड फुकट मिळत होता. मला घाई होती, मी उचलून आणला. अप्पांनी दाभणाच्या टोकाने बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेची भोकं मोजली, मग सुया मोजल्या आणि बोर्ड परत पाठवला. "हा तीन-शहाऐंशीचा हाय. ह्याला दाबून बसवलं तर सुया मोडतील. बोर्ड लहान न्हाई आन डोकं मोठं न्हाई. जोड न्हाई, एवढंच." त्यांनी हैदराबादच्या दुकानदाराला एक कार्ड लिहिलं. ते कार्ड मी दोनदा वाचलं. सुया इतक्या, चालायचा वेग इतका, त्याला लागणारे व्होल्ट इतके, आमच्या भिंतीत वीज दुपारी इतकी खाली जाते, सबब पॉवर सप्लाय थोडा जास्त ताकदीचा आणि कमी विजेवर तग धरणारा द्यावा. सातवीपर्यंत शिकलेला, जन्मात कॉम्प्युटर न पाहिलेला माणूस. मी दोन वर्षं पत्रकं लिहीत होते, पण इतकं नेमकं मागणं मला एकदाही लिहिता आलं नव्हतं.

बोर्ड आणि सप्लाय आले तेव्हा सुनावणीला चार दिवस राहिले होते. अप्पा हात धुवायला मागे गेले. मी सप्लायची वायर भिंतीत खुपसली आणि बटण दाबलं. सप्लायच्या पाठीला एक लाल खटका असतो, परदेशातल्या अर्ध्या विजेसाठी एकीकडे, आपल्या विजेसाठी दुसरीकडे. तो चुकीच्या बाजूला होता. फटाका फुटावा तसा आवाज झाला, धूर आला, खोलीभर जळका वास. अप्पा ओल्या हातांनी दारात उभे. वस्तीचं पाणी मी स्वतःच्या हाताने जाळलं, असं मला वाटलं. रडू आलं. रडण्याचाही राग आला.

ते आत आले, वायर काढली, सप्लाय नाकाशी धरला. म्हणाले, "बरं झालं, आज फुटलं. बोर्ड लावलेला न्हाई, प्रोसेसर तर डब्यातच हाय. उगं न्हाई त्याला शेवटी ठेवत. गलती व्हतीच, बाई. पयल्या पायरीला व्हावी."

ते चार दिवस भिंत मोजणं, तो खड्डा, तो खोबऱ्याचा डबा, सगळं त्या क्षणी मला एकदम दिसलं. कुणीतरी चुकणार हे त्यांनी धरलंच होतं. कदाचित मीच चुकणार हेही. आणि तरी मला दाराबाहेर ठेवलं नव्हतं...

दोन दिवस त्यांनी सप्लाय उघडून ठेवला. जुन्या टीव्हीतून कपॅसिटर काढून बसवले, फ्यूज बांधला. तपासायला त्यांच्याकडे दोन वायरींचा एक साधा शंभर वॉटचा बल्ब होता. तो भिंत आणि सप्लाय यांच्या मध्ये जोडला. पलीकडे, बोर्डाच्या जागी, मोटारसायकलचा छोटा दिवा. मला म्हणाले, मोठा बल्ब पेटून राहिला तर आपण हरलो, तो विझाया पायजे. बटण दाबलं. मोठा बल्ब भपकन पेटला. बल्ब मंद झाला, तांबूस झाला, तार तेवढी दिसत राहिली, आणि पलीकडे छोटा दिवा हळूच लागला. मी आयुष्यात सभा पाहिल्यात, हजारो माणसं एका आवाजात बोलताना ऐकलीत. त्या दिव्याइतकं थक्क मला कशानेच केलेलं नाही.

मग बोर्ड. सप्लायच्या दोन खुंट्या बोर्डाला लावताना काळ्या वायरी मधोमध शेजारी यायला हव्यात, उलट झालं तर बोर्ड जातो, हे त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. शेवटी डबा उघडला. त्यांनी खड्ड्यातून आलेल्या तांब्याच्या तारेला हात लावला, मलाही लावायला लावला, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. आणि प्रोसेसर माझ्या हातात दिला. "तुमी बसवा." मी म्हटलं, मी? परवाच सप्लाय जाळलाय. "म्हणून तर. आता तुमच्याइतकं जपून कोण बसवील?" कोपऱ्यातली खूण जुळवली, दांडी उचलली, आणि ती वडी बिनआवाज आपल्या जागी उतरली. जराही बळ लागलं नाही. पडद्यावर पांढरे आकडे वर वर चढू लागले आणि अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

सुनावणीच्या दिवशी त्या वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या हातात तिच्या जबाबाचा कागद होता, अक्षर न अक्षर वाचता येणारा. साहेबांना वाचावंच लागलं. आठवड्याच्या आत पाणी सुरू झालं.

या वर्षी नामांतराची घोषणा झाली. नाव दिलं, पण जुनं नावही मागे ठेवून. मी खोलीत बसून संतापाने पत्रक टाईप करत होते. अप्पा आले. पत्रक वाचलं नाही, मागे गेले आणि हाक मारली, "वंदनाबाई, पाणी टाकायचं सोडलंव का?" सोडलं होतं. पंधरा दिवस गडबडीत कुणीच टाकलं नव्हतं, माती भेगाळली होती. रागावले नाहीत. तांब्या भरला, ओतला. तो बल्ब भिंतीच्या विजेला आणि तांब्याच्या पट्टीला लावून बघितला. तो मंदच लागला. पुन्हा एक तांब्या ओतला, आणि बल्ब खिळ्याला अडकवून म्हणाले, "हा इथंच ऱ्हाऊ द्या. सप्लायला विझाया पायजे, पण जमिनीला बल्ब पुरा लागला पायजे, तरच जमीन वीज घेती. बघत जा." ती शेवटची भेट.

पेडगावला त्यांना खड्ड्यात बसवलं होतं, लिंगायतांत बसवतात तसं. भस्म, बेल, आणि मीठ. माणसं ओंजळीने मीठ टाकत होती. मीही ओंजळ पुढे केली तर एका म्हाताऱ्याने हात आडवा धरला. गंगाक्का मागून म्हणाली, "टाकू द्या तिला. तिला मीठ टाकाया त्येनंच शिकवलंय." म्हाताऱ्याचा हात खाली आला. त्यांचं दुकान ज्यांनी ओस पाडलं ते शेठही रांगेत होते, 'देवमाणूस' म्हणत होते. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा...

आता रोज सकाळी खोलीमागे तांब्याभर पाणी मी ओतते. माती थोडा वेळ ते धरून ठेवते आणि मग पिते. परवा खिळ्यावरचा बल्ब काढून लावून बघितला. पुरा लागला.